बाळारामचा फळा आणि बाराव्याची आमटी

आमच्या बेटावर कोणी मेलं की लोक विचारतात, कधी गेला, काय होत होतं. बाळाराम विचारतो, "बाराव्याला भाजी कसली?"

तोंडावर विचारतो. प्रेत घरात असताना. शिव्या खातो, दोन पावलं मागे सरकतो आणि परत विचारतो. कारण त्याला फळ्यावर लिहायचं असतं.

फळा धक्क्यावर आहे. आमचं बेट म्हणजे डोंबिवलीच्या खाडीतला मातीचा तुकडा, साठ-सत्तर घरं. यायचं तर होडी, जायचं तर होडी. इथली शाळा बंद पडली तेव्हा तिथला फळा बाळारामने खांद्यावर घालून धक्क्यावर आणला आणि होडी लागते तिथे भिंतीला ठोकला. त्याच फळ्यासमोर मी चौथीपर्यंत बसलो होतो. तेव्हा त्याच्यावर काय लिहिलेलं ते मला कळायचं नाही. आता रोज दुपारी वाचतो.

"पाटलांकडे हळद. मटण. रस्सा लाल, चव नाही."

"देवळात भंडारा. बुंदी कडक. दात सांभाळा."

"मंजीकडे जावई आला. चिंबोऱ्या. जावयापेक्षा बऱ्या."

या शेवटच्यावरून मंजी झाडू घेऊन धक्क्यापर्यंत आली होती. बाळाराम हलला नाही. बोलला, "माझी जीभ विकाऊ नाय." हे त्याचं ठरलेलं वाक्य. सरपंचाला पण हेच, देवळातल्या भटजीला पण हेच.

रिवाज असा पडला की ज्याच्या घरी काही वेगळं शिजेल त्याने एक वाटी बाळारामकडे पाठवायची. सक्ती नाही. पण नाही पाठवली तर फळ्यावर येतं, "अमक्याकडे आज काय होतं कळलं नाही." हे जास्त वाईट. मग बेटभर चर्चा की दार लावून खाल्लं काय. आता तर रविवारी डोंबिवली-ठाकुर्लीची माणसं होडीने जेवायला येतात, भाकरी आणि खाडीचे मासे. आमच्या बायका घरोघरी वाढतात. ती माणसं आधी फळ्यासमोर उभी राहतात, वाचतात, फोटो काढतात, मग कोणाकडे जायचं ते ठरवतात. म्हणून बायका बाळारामला शिव्या पण देतात आणि वाटी पण भरून देतात.

बाळारामने ठाण्याला कोर्टाजवळच्या कँटिनमध्ये आयुष्यभर वाढप्याचं काम केलं. "लय लोकांना वाढलं, आता लोकांनी मना वाढायचं," असं बोलतो. लग्न झालं नाही. एकदा मुलगी बघायला गेला होता. पोहे आले. मुलीचा बाप बोलला, मुलीने केलेत. हा बोलला, "मोहरी करपलीय." तिथेच उठवला त्याला. परत कोणी बोलावलं नाही.

माझं त्याच्याशी कधी पटलं नाही. मी वागळे इस्टेटला कंपनीत प्रेसवर होतो. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली. मला नुसती बडबड करणारी माणसं आवडत नाहीत. आणि हा रोज अकराच्या सुमाराला आमच्या मागच्या दारी यायचा. हातात कोणाची तरी वाटी झाकलेली, खिशात खडू.

"वैनी, पाणी दे गं घोटभर."

माझी बायको यमुना त्याला आत घ्यायची. मी पुढच्या ओट्यावर जाळं शिवत बसलेला असायचो. आतून कुजबुज ऐकू यायची. मी एकदा तिला झापलं, "त्याच्या घरी नळ नाही काय? रोज काय पाणी पाजतेस त्याला?"

ती बोलली, "तहानलेला माणूस हाय. तुमच्या तोंडचं काय जातंय?"

आणि हा पाणी पिऊन जायचा आणि फळ्यावर लिहायचा काय? "गणपतकडे निवट्या मासे. रस्सा पातळ." "गणपतकडे कोलंबी. मीठ जास्त." गणपत म्हणजे मी. माझ्या घरचं तो कधी चांगलं लिहायचा नाही. माझ्या डोक्यात सणक जायची. यमुनाच्या हातचं कालवण खाऊन माझे कंपनीतले मित्र ताट चाटायचे आणि हा बोलतो पातळ. मी निघायचो भांडायला. यमुना पदरात तोंड घालून हसायची. "बसा खाली. लिहिना का मेला."

यमुना गेली. साखर होती, मग पाय, मग किडन्या. ठाण्याला हॉस्पिटलात नऊ दिवस. होडीतून आणली तिला. आयुष्यभर होडीत बसली की तिला उलटी व्हायची. त्या दिवशी झाली नाही.

धक्क्यावर बाळाराम उभा होता. मी वाट बघत होतो की हा आता विचारतो, बाराव्याला भाजी कसली. विचारलं असतं तर तिथेच खाडीत ढकलला असता. त्याने विचारलं नाही. होडीचा दोर धरला आणि माझ्या बाजूने चालत राहिला.

बाराव्याचं माझ्या दोन्ही भावजयांनी रांधलं. नैवेद्य निघेपर्यंत आमच्यात चाखत नाहीत. मोठीने आमटीत मीठ टाकलं आणि पाणी आणायला गेली. धाकटी आली, तिला वाटलं राहिलंय, तिने पण टाकलं. चाखलं कोणीच नाही. पंगत बसली. पहिला घास गेला आणि सगळी माणसं एकदम गप्प झाली. बाराव्याच्या जेवणाला नाव ठेवायचं नसतं. माणसं खाली मान घालून जेवत होती आणि पाणी मागत होती. पाण्याचं पिंप दोनदा भरलं. मंजीचा जावई तांब्या मांडीवरच घेऊन बसला. मी बघत होतो. यमुना असती तर लाजेने मेली असती, असं मनात आलं आणि मग आठवलं की ती मेलीच आहे.

बाळाराम जेवला. आमटी दोनदा घेतली. पाणी नाही मागितलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात, "यमुनावैनीचं बारावं. आमटी फस्टक्लास. मीठ बरोबर."

लोक वाचत होते आणि माझ्याकडे बघत होते. कोणी हसलं नाही, पण मला ऐकू आलं हसल्यासारखं. जिवंत होती तोवर रस्सा पातळ, आणि मेल्यावर चेष्टा. मी तसाच त्याच्या घरी गेलो.

एक खोली. कोपऱ्यात लोकांच्या वाट्या घासून पालथ्या घातलेल्या. तो खाटेवर बसला होता.

"माझ्या बायकोच्या बाराव्याची टिंगल करतोस? पाणी पिऊन पिऊन माणसांची पोटं फुगली आणि तू लिहितोस मीठ बरोबर?"

तो बोलला, "खारट होती काय?"

"खारट होती काय म्हणजे? दोनदा ओरपलीस ना?"

"दादा, मना चव लागत नाय."

मला वाटलं टाळतोय. मी त्याची कॉलर धरली. त्याने सोडवली पण नाही.

"लॉकडाऊनच्या वर्षी ताप आलेला बघ. वास गेला, चव गेली. सगळ्यांची परत आली, माझी नाय आली. डॉक्टर बोलला येईल. माती खाल्ली काय आणि मटण खाल्लं काय."

"मग फळ्यावर कोण लिहितो? तुझा बाप?"

"वैनी सांगायची."

मी कॉलर सोडली.

"तिनेच पकडला मना," बाळाराम बोलला. "खिरीची वाटी म्हणून तिने ताकाची कढी दिली. मी बोललो, गोड बरी हाय. ती हसली नाय. बोलली, रोज अकराला येत जा, मी चाखते, तू लिही. फळा बंद झाला तर तुला वाटी कोण देणार? आणि वाटी नाय आली तर खाशील काय, खडू?"

"मला का नाही सांगितलं?"

"ती बोलली, त्यांना सांगू नको, धक्क्यावर बोंब मारतील."

हे खरं होतं. मी मारलीच असती.

"आणि आमच्या घरचं? रस्सा पातळ, मीठ जास्त, ते कोण?"

"तीच. बोलायची, माझं चांगलं लिहिलंस तर बायकांना संशय येईल, रोज माझ्या घरी येतोस म्हणून. मी बोलायचो, वैनी, एकदा तरी लिहू दे. नाय बोलायची." त्याने खिशातला खडू काढला आणि परत ठेवला. "म्हणून आज माझ्या मनाने लिहिलं. तिचं शेवटचं जेवण होतं. आमटी कशी होती मना काय ठाऊक."

मी त्याच्या खाटेवर बसलो. पाणी त्याने दिलं. वर्षानुवर्षं माझ्या घरचं पाणी प्याला म्हणून मी बोंबललो होतो, आणि तो एक घोट पण पीत नसेल, वाट्या उघडून बसत असेल तिच्यासमोर. ती गेल्यावर मी रोज विचार करत होतो की हिचं मला ठाऊक नाही असं काहीच उरलं नव्हतं.

यमुना हॉस्पिटलात गेल्यापासून फळ्यावर नुसती भाज्यांची नावं होती, पुढचे तीन दिवस तर फळाच कोरा. रविवारी डोंबिवलीची माणसं आली, कोऱ्या फळ्यासमोर उभी राहिली आणि अर्धी त्याच होडीने परत गेली. बायका कुजबुजायला लागल्या, बाळारामला काय झालं, वाट्या पाठवायच्या की नाही.

चौथ्या दिवशी अकरा वाजता मागच्या दारी खाकरल्याचा आवाज आला. बाळाराम उभा. हातात मंजीची वाटी, झाकलेली.

"दादा, पाणी देतोस घोटभर?"

मी त्याला आत घेतला. यमुना बसायची तो पाट होता तिथेच. मी पाटावर नाही बसलो, जमिनीवर बसलो. झाकण काढलं. निवट्यांचं कालवण. मी बोट बुडवून चाटलं. मग चमचाभर घेतलं. मग अजून.

"मीठ?" त्याने विचारलं.

"आहे."

"तिखट?"

"असेल."

"असेल म्हणजे काय? लोकांच्या पोटाचा प्रश्न हाय, नीट सांग."

मी परत खाल्लं. त्याला काय सांगणार? ती गेल्यापासून मी जे तोंडात घालतो ते ओल्या फडक्यासारखं लागतं. भात काय, भाकरी काय. मी कोणाला बोललो नव्हतो. त्याला बोललो. तो मान हलवत ऐकत राहिला. वाटी मध्ये, आणि आम्ही दोन म्हातारे दोन बाजूंना, एकाला पण चव लागत नाही.

तो उठला. खडू काढला.

"मंजी वाट बघत असेल. काय लिहू?"

"लिही, यमुनाच्या हातचं नाही."

त्याला वाटलं मी मस्करी करतोय. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. धक्क्यावर गेला आणि तेवढंच लिहिलं. "मंजीकडे निवट्या. यमुनावैनीच्या हातचं नाही."

मी लांबून बघत होतो. मंजी आली. तिने वाचलं. मला वाटलं, आता झाडू आणते. ती फळ्यासमोर उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून दोन वाट्या आल्या, एक बाळारामकडे, एक माझ्याकडे.