बाळाला रडू द्या

हरवलेली वस्तू शोधण्यात आमच्या घरात माझा हात धरणारं कोणी नाही. नवऱ्याचा चष्मा, सासूबाईंच्या गोळ्या, सात महिन्यांच्या लेकीचा एका पायातला मोजा, सगळं मी डोळे मिटून काढून देते. त्यामुळे बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर रुजू होऊन आठवडा होतो न होतो तोच साहेबांनी 'बंद खोलीतून सुटका' नावाचा खेळ खेळायला आम्हाला न्यायचं ठरवलं, तेव्हा मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "वीस मिनिटांत बाहेर काढते तुम्हाला!"

वीस मिनिटांत सुटणं मला भागच होतं. लेक सातला झोपते. आठवडाभर मी दारात दिसले रे दिसले की ती भोकाड पसरायची. दिवसभर साठवलेलं रडं माझ्याच खांद्यावर रिकामं करायची. त्या रडण्यासाठी मी बसमधून उतरले की पळत सुटायचे.

खेळाच्या दिवशी संध्याकाळी सहाला आमचे फोन काढून घेतले आणि दार बंद झालं. मुदत एक तास. आत जुन्या दवाखान्याचा देखावा: लोखंडी खाट, औषधांचं कपाट, कोपऱ्यात पाळणा. दाराला तीन आकड्यांचं कुलूप, आणि ते आकडे खोलीतच शोधायचे. साहेब, स्टोअर सांभाळणाऱ्या ताई आणि मी.

पाळण्यातली बाहुली रडायला लागली. मी तिला कधी उचललं, मलाच कळलं नाही. थोपटल्यावर ती गप्प झाली.

"छान," साहेब म्हणाले. "आता शांतपणे विचार करता येईल."

शांतपणे विचार सुरू झाला. ताईंनी औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. साहेबांनी भिंतीवरच्या तक्त्यातल्या सांगाड्याच्या बरगड्या दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा वेगळ्या भरल्या. बाहुली दर चार मिनिटांनी रडायची आणि मी पहिल्याच हुंदक्याला तिला उचलून घ्यायचे. पाऊण तास गेला.

छतातल्या स्पीकरमधून आवाज आला, "सूचना देऊ का?"

"द्या की," ताई म्हणाल्या.

"बाळाला रडू द्या."

"म्हणजे?"

"आकडे तिच्या रडण्यात आहेत. मॅडम तिला रडूच देत नाहीत."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. रोज सकाळी दारात सासूबाई हेच म्हणतात. तू जा गं. रडू दे तिला. राहील हळूहळू.

"खाली ठेवा तिला," साहेब म्हणाले. पोलिसांनी गुन्हेगाराला शस्त्र खाली ठेवायला सांगावं, तितक्या सावधपणे.

ठेवली. ती रडायला लागली. माझे हात पुढे गेले, ते ताईंनी घट्ट धरले.

"अगं, खेळणं आहे ते."

"माहितेय."

"मग?"

उत्तर माझ्या कपड्यांनी दिलं. छातीवर दोन ओले गोल उमटले होते. ताईंनी आपली ओढणी माझ्या खांद्यावर टाकली. साहेब एकदम वळले आणि बरगड्या तिसऱ्यांदा मोजू लागले.

रडणं थांबलं.

"किती हुंदके झाले?" ताईंनी विचारलं.

कोणीच मोजले नव्हते.

पुन्हा चार मिनिटं वाट पाहिली. या वेळी मी भिंतीकडे तोंड करून बोटांवर मोजलं. तीन हुंदके, जरा थांबून एक, मग पाच. कुलूप उघडलं तेव्हा एकोणसाठ मिनिटं झाली होती.

"अभिनंदन," स्पीकर म्हणाला. "इतका वेळ आजवर कोणाला लागला नव्हता."

मी ओढणीसकट पळत सुटले. घरी पोचायला साडेसात झाले. दारात सासूबाई ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या, चेहरा अभिमानाने फुललेला.

"आज रडलीच नाही गं. आपली आपण झोपली. मी म्हटलं नव्हतं?"

"बरं झालं, आई," मी म्हणाले.

त्या माझं जेवण गरम करायला गेल्या. मी पाळण्यापाशी बसून राहिले. माझा पाय पाळण्याला दोनदा लागला. चुकून लागला, असं मी आईंना सांगितलं. दोन्ही वेळा.

ती काही उठली नाही.