मिराशीमामा आणि सात उंच पोरं

कर्नाटकातल्या आमच्या रामनगरच्या कॉलेजात नवा मुलगा प्रवेश घ्यायला आला, की मार्कांच्या आधी त्याला चपलेचा नंबर विचारला जातो. विचारणारे प्राचार्य नसतात, कारकूनही नसतो. ते असतात ग्रंथालयाचे अटेंडर नारायण मिराशी. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणतं.

"नंबर किती गा?"

"साठ टक्के."

"टक्के घेऊन काय करू? पायताणाचा इचारलो मी!"

नऊच्या वरचा आकडा ऐकला, की मामांचा चेहरा खुलायचा. "पाय मोठा म्हंजे झाड अजून वाढणार हाय," असं ते सांगायचे आणि पोराचं नाव आपल्या वहीत लिहायचे. ती वही बास्केटबॉलच्या टीमची. एकदा एक मुलगा थोरल्या भावाच्या चपला घालून आला. दहा नंबर! मामांनी हरखून नाव लिहिलं. सरावाला तो अनवाणी आला, तेव्हा जेमतेम पाच फूट भरला. मामांनी त्याला काढलं नाही. "वहीत लिव्हलेलं खोडत न्हाई मी," म्हणाले. टीममध्ये त्याचं नाव पडलं बारक्या.

मी त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. आमच्याकडे खेळाच्या शिक्षकांची जागा बरीच वर्षं रिकामी आहे. टीमबरोबर कुणीतरी प्राध्यापक जायलाच हवा, म्हणून प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. कारण एकच, सगळ्या स्टाफमध्ये मी उंच. मामा खूश झाले. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचा नंबर किती?"

मामा स्वतः कधी बास्केटबॉल खेळले नव्हते. त्यांचं सगळं ज्ञान ग्रंथालयातल्या एका नियमांच्या पुस्तकातून आलेलं. ते पुस्तक कन्नडमध्ये होतं आणि शेवटची काही पानं वाळवीनं खाल्लेली होती. उरलेलं मामांना तोंडपाठ. पंचांशी वाद झाला, की ते पुस्तक काखेतून काढून थेट पान दाखवायचे. आणि पुस्तकात नसलेला नियम पंचांनी सांगितला, तर म्हणायचे, "आमच्यात असलं काय न्हाई बगा."

आमचं मैदान कॉलेजच्या मागं, रानाला लागून. एका बाजूची रिंग नीट होती. दुसऱ्या बाजूची माकडांनी रोज लोंबकळून वीतभर खाली आणलेली. पोरांचे बॉल त्या खालच्या रिंगेत भराभर पडायचे आणि नीट रिंगेत एक जात नसे. मामा रोज सकाळी माकडांना हाकलायचे आणि पोरांना सुनवायचे, "ती माकडं रिंगेपातुर उडी मारून डंक करून जायलीत. तुमास्नी सरळ टाकायला येईना व्हय?"

सरावानंतर खुराक. उकडलेले कंद आणि नाचणीची आंबील, दोन्ही मामांच्या घरून. पितळेचा डबा सायकलच्या हँडलला लावून ते यायचे. कुणी नको म्हटलं, तर त्याला त्या दिवशी ग्रंथालयातून पुस्तक मिळत नसे.

गेल्या वर्षीच्या हंगामात आम्हाला पाच सामने होते. पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, दोन वर्षं एक सामना नाही जिंकला. यंदाही नाही जिंकला, तर टीम बंद. त्या मैदानावर गाड्या लावायला शेड घालू." मी हे मामांना सांगितलं. ते पुस्तकांवरची धूळ झटकत होते. झटकायचे थांबले.

"गाड्या?" एवढंच म्हणाले.

पहिला सामना आम्ही इतक्या गुणांनी हरलो, की समोरच्या टीमनं शेवटी आपले राखीव खेळाडू उतरवले आणि आम्ही त्यांच्याकडूनही हरलो. दुसऱ्या सामन्यात बारक्यानं चुकून आपल्याच रिंगेत बॉल टाकला. मामा टाळ्या वाजवत उठले. "पडला न्हवं! कुठं का असंना, पडला तर खरा!" तिसरा सामना बरा झाला, म्हणजे हरताना पोरांनी मान खाली घातली नव्हती.

याचं कारण संतोष. गुंद गावच्या शेतकऱ्याचा पोरगा, चपलेचा नंबर अकरा. बोलायचा कमी, पण बॉल हातात आला की तो रिंगेकडे असा सोडायचा, जसं झाडावर फळ परत ठेवतोय.

चौथ्या सामन्यात संतोषनं आम्हाला बरोबरीत आणलं. शिट्टी वाजली, दोन्हीकडे सारखेच गुण. मामांनी धावत जाऊन समोरच्या कोचला मिठी मारली, पंचांना नमस्कार केला आणि पोरांना ओरडले, "बरोबरी झाली! चला, पिशव्या भरा, बस चुकंल!" तीन पोरं भडंग खायला बाहेर पळाली. तेवढ्यात पंच म्हणाले, अजून पाच मिनिटं खेळायचंय.

"कशाला?" मामा.

"बरोबरी झाली की ज्यादा वेळ असतो."

मामांनी पुस्तक उघडलं. तो नियम नेमका वाळवीच्या पोटात गेलेला. उरलेल्या चार पोरांनी ती पाच मिनिटं खेळून काढली आणि आम्ही एका गुणानं हरलो. परतीच्या बसमध्ये मामा सगळ्यांत मागं बसले. "माझ्यामुळं गेला गा," असं एकदाच म्हणाले. भडंग खाणाऱ्या पोरांनी पुढं केलेला कागदही त्यांनी घेतला नाही.

उरला एकच सामना, जोयड्याला. नेमका भातकापणीच्या दिवसांत. सामन्याच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं आणि संतोष सरावाला आला नाही. त्याच्या गावात फोनला रेंज नसते. मी मामांना म्हटलं, "आता काय करायचं?"

"बगू की," म्हणाले, आणि दुपारीच रजेचा अर्ज टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा फोन आला. आवाज तुटत होता. "मॅडम, मी येत न्हाई. पोटात कळ आलीया. तुमी पोरास्नी बगा."

मला राग आला. वर्षभर आमच्या डोक्यावर बसलेला माणूस नेमका आज आजारी! मी माझ्या स्कूटरवरून जोयड्याला पोचले. पोरं बसनं आली होती. आणि मैदानाच्या कडेला बुटांच्या नाड्या बांधत संतोष बसला होता.

"अरे, घरच्यांनी सोडलं?"

"व्हय," तो म्हणाला आणि नजर चुकवली.

तो सामना मी जन्मात विसरणार नाही. मला बाकावर बसवेना आणि उभंही राहवेना. मामांची जागा रिकामी होती, त्यामुळे पंचांशी भांडणंही मलाच करावी लागली, तीही पुस्तकाशिवाय. बारक्या खाली वाकून दोघांच्या मधून बॉल पळवत होता. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागं होतो. संतोषकडे बॉल आला. त्यानं घाई केली नाही. बॉल रिंगेवर दोनदा नाचला आणि आत पडला.

आम्ही जिंकलो. एका गुणानं. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. मी, वय वर्षं सेहेचाळीस, बारक्याला उचलून घेतलं.

मग मामांना फोन लावला. लागेना. दोनदा, तीनदा. संतोष जवळ येऊन उभा राहिला.

"मॅडम, लागणार न्हाई. मामा आमच्या गावात हाईत."

"गुंदला? पोटात कळ आल्यावर?"

"कळबिळ काय न्हाई. पहाटं टेकडीवर चढून फोन केलता त्यांनी. सांगू नको म्हणाले हुते. बा मला सोडायला तयार न्हवता. पाऊस आला तर भात जाईल, एक माणूस कमी पडतंय म्हणाला. तर मामा म्हणाले, माणूस कमी पडतंय न्हवं, मी हाय की."

बाकीच्या पोरांना बसमध्ये चढवून मी संतोषला मागं बसवलं आणि गुंदची वाट धरली.

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अर्धं शेत कापून झालेलं. कडेच्या ओळीत मामा, अंगात बनियन, डोक्याला टॉवेल, हातात विळा. सवय नसल्यानं ते दर दोन मुठींनंतर कमरेवर हात ठेवून उभे राहात होते. आम्हाला पाहून त्यांचा विळा थांबला.

"जिंकलो, मामा," मी म्हटलं.

ते हळूच बांधावर बसले. टॉवेलनं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग संतोषला म्हणाले, "जा, हातपाय धू आनी माझी ओळ पुरी कर. मॅडम, पयल्यापास्नं सांगा."

मी सगळं सांगितलं. संतोषची आई चहा घेऊन आली. ती मला हळूच म्हणाली, "काल सांजच्याला आले. आमचे हे म्हणाले, तुमच्या घरात वाट बगत असतील. तर मामा माझ्याकडं बगून म्हणाले, माझ्या घरात वाट बगायला कोण हाय, वहिनी?"

मला माहीत होतं, मामांची बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी खानापुराकडे दिलेली. माहीत होतं, पण कधी लक्षात घेतलं नव्हतं.

परतताना मामा स्कूटरवर माझ्यामागं, शक्य तितकं लांब सरकून, कॅरियर घट्ट धरून बसले. थोडं पुढं आल्यावर म्हणाले, "मॅडम, पुन्यांदा एकदा सांगा की."

"आत्ताच सांगितलं ना, मामा?"

"तसं न्हवं." त्यांनी कॅरियर पुन्हा नीट धरलं. "हिला सांगायचो मी आदी. तिला खेळातलं काय कळत न्हवतं. त्या जाळीला पोतं म्हणायची. मी हरून आलो की इचारायची, आज पोत्यात किती पडले? सगळं ऐकून मग जेवायला वाढायची. आता घरात गेलो की सांगायचं कुणाला? म्हणून म्हटलो, वाटंतच सांगा."

मी स्कूटरचा वेग कमी केला आणि पुन्हा पहिल्या शिट्टीपासून सुरुवात केली. ते मध्येच विचारायचे, बारक्या कुणाच्या मधून गेला, पंच काय म्हणाला. सामना संपला आणि रामनगर अजून लांब होतं.

"अजून एकदा सांगू?" मी विचारलं.

"तुमास्नी तरास न्हाई न्हवं?"

तिसऱ्या वेळी सांगताना मी आम्हाला चौदा गुणांनी जिंकवलं. नियमांच्या पुस्तकावरून पंचांशी भांडणाऱ्या त्या माणसानं मला एकदाही अडवलं नाही. मागून नुसतं येत होतं, "व्हय? आनी मग? आनी मग?"