बर्फाच्या समुद्राची बाटली

दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्राचं पाणी तेव्हाच्या अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकट्या माझ्याकडं होतं. एकच बाटली, बूच घट्ट बसवलेली, कुंडलच्या घरात फळीवर ठेवलेली.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर मी देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या एका जहाजावर दोन हंगाम काढले. तिथल्या शास्त्रज्ञ साहेबानं मला समुद्राच्या वरच्या पाण्यातलं फॉस्फेट मोजायला शिकवलं. फॉस्फेट म्हणजे समुद्रातल्या बारीक शेवाळाचं खत. पाण्यात औषधाचे थेंब टाकले की निळा रंग येतो. खत जास्त, तर निळा गडद. मग तो ठरलेल्या निळ्या नळ्यांशी जुळवायचा. थंडीनं बोटं वाकडी व्हायची, पण माझी नजर चुकायची नाही.

सांगलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेला माणूस हवाय असं कळलं, तेव्हा मी थेट बाटलीच उचलली. आई, बयाबाई, सोबत निघाली. "सायेब कसा हाय ते बघती," म्हणाली.

प्रयोगशाळेच्या आठल्ये सरांनी औषधं, नळ्या पुढं मांडल्या. "किती निघेल, नाथाजी?"

"तिसऱ्या नळीइतकं, सर. त्याच्या पुढं कवा गेलंच न्हाई."

मी थेंब टाकले. पाणी फिकट निळं झालं, मग गडद, मग दौतीतल्या शाईसारखं. त्याच्याशेजारी सगळ्यात गडद नळी धुऊन विटलेल्या धोतरासारखी दिसायला लागली.

"तिकडं समुद्रात शेणखत टाकतात का हो?" सरांनी विचारलं.

माझ्या जिभेवर आलं होतं, की जवळनं देवमासा गेला असंल. नोकरी हातची चालली होती. पण दोन हंगामांत त्या निळ्यानं मला एकदाही फसवलं नव्हतं. मी पुन्हा मोजलं. पुन्हा शाई.

"सर, माप बरोबर हाय," मी म्हणालो. "पाणी खोटं हाय."

"बाटली तर तुम्हीच आणलीत."

"व्हय. तरी पाणी त्या समुद्राचं न्हाई."

दाराशी बसलेली आई उठली. "आवं मास्तर, त्याचं काय चुकलं न्हाई. त्या पाण्याला औषधाचा लय वास मारत हुता. म्या वतून दिलं. बाटलीतनं शेजारच्या रंगुबाईला म्हशीचं दूध धाडलं. मागनं ह्यो हिरमुसंल म्हणून हिरीचं पाणी भरलं आन् मूठभर मीठ घातलं."

"बाटली धुतली होती?"

"इसळली की."

सर चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. खांदे मात्र हलत होते. "दुधात फॉस्फेट भरपूर असतं," ते म्हणाले. "तळाशी राहिलेलं थेंबभर दूध यांच्या मापानं पकडलं. आणि स्वतःची बाटली खोटी म्हणणारा माणूस मला रोज भेटत नाही. सोमवारपासून या. कृष्णेचं आणि शेतातल्या विहिरींचं पाणी मोजायचंय."

परतीच्या वाटेवर आईनं भेटेल त्याला सांगितलं, "माझ्या नाथाजीला पाणी बघायची नोकरी लागली."

रविवारी सकाळी दुष्काळी भागातली तीन माणसं नारळ घेऊन दारात बसलेली. विहीर कुठं पाडायची, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी पाणाड्या नाही, हे दोघांना दुपारपर्यंत पटलं. तिसरा, धुळा, मेंढरं सोडून वीस मैल चालत आला होता. त्याला नाही म्हणवेना. त्याच्या रानात जाऊन मी एक जागा दाखवली.

तो अजून खणतोय. माती ओली लागलीय म्हणे. आठल्ये सरांना मी हे सांगितलेलं नाही.