हॅस्केटबाबांची नाणेफेक

"या शनिवारी मी अख्ख्या मार्लो क्रीक गावाला नाणं बघायला शिकवणार," असं हॅस्केटबाबांनी नाश्त्याला बसल्या बसल्या जाहीर केलं. नेडीनबाईंनी पॅनकेकवर पाक ओतता ओतता नुसतं 'बरं' म्हटलं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात नाण्यांच्या बाबतीत त्या एवढंच म्हणायला शिकल्या होत्या.

गावच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली होती. त्यानिमित्त शनिवारच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याची नाणेफेक शाळेच्या सगळ्यात जुन्या खेळाडूने करावी असं ठरलं, आणि तो मान बाबांकडे आला. एरवी गावात त्यांच्या नाण्यांना कुणी विचारत नसे. न्हाव्याच्या दुकानात बाबांनी खिशात हात घातला, की अर्धी दाढी झालेला माणूससुद्धा उठून जायचा. आणि घरात तर १९२१ सालचा चांदीचा अर्धा डॉलर होता! त्यावर उगवत्या सूर्याकडे निघालेली स्वातंत्र्यदेवी, अंगावर झेंडा पांघरलेला, एका हातात डहाळ्या, दुसरा हात पुढे केलेला. मागच्या बाजूला कड्यावर उभा गरुड. "हल्लीच्या नाण्यांवर नुसती मानेपासून कापलेली मुंडकी," बाबा म्हणायचे. "ही बाई चालते." एकदा तरी गावाने तिला नीट बघावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

शनिवारी दुपारी मैदानाच्या मधोमध बाबांच्या हाती माइक देऊन मुख्याध्यापिकेने दोन वाक्यं बोलायला सांगितलं. बाबा अकरा मिनिटं बोलले. देवीच्या झग्याच्या चुण्यांवर तीन मिनिटं गेली, पायांतल्या चपलांवर दोन. तेवढ्यात संघाला जोर द्यायला आलेल्या नाचणाऱ्या पोरी गवतावर बसल्या आणि पंचाने चार वेळा घड्याळ पाहिलं. मग बाबांनी पांढरे सुती हातमोजे चढवले. आता हे टोपीतून ससा काढणार, असं वाटून लहान मुलं पुढे सरकली.

नाणं प्लास्टिकच्या सीलबंद डबीत होतं. ते बाहेर काढायचं ना, असं पंचाने हळूच विचारलं. तान्ह्या बाळाचं दुपटं काढून त्याला बर्फात ठेवायला सांगावं तसं बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. उघड्या हवेत, घामट हातांत, हे नाणं? त्यांनी ते डबीसकट उडवलं.

डबी नाण्यासारखी फिरत नाही. ती विटेसारखी वर गेली आणि विटेसारखीच खाली आली, थेट पाहुण्या कप्तानाच्या हेल्मेटवर. टणकन आवाज झाला, डबीची दोन शकलं झाली आणि नाणं गवतात गुडूप.

"कोणीही हलायचं नाही!" बाबा माइकमधून गरजले.

सगळं मैदान थिजलं. वरच्या बाकावरचा एक माणूस बसता बसता अर्ध्यातच राहिला. बँडवाल्याचा भोंगा तोंडाशीच अडकला. हॉटडॉगचा घास घेतलेली एक बाई गिळू की नको या विचारात पडली. मग दोन्ही संघ रांगेने गुडघ्यांवर आले आणि गवत चाचपू लागले. चेंडू किती पुढे गेला ते मोजायला दहा यार्डांची साखळी घेऊन उभी राहणारी माणसं शोधून झालेला भाग इमानदारीने मोजत पुढे सरकू लागली. सामना सुरू व्हायची वेळ कधीच उलटून गेली होती.

नाणं सापडलं ते कोल्बी नावाच्या, पाहुण्या संघातल्या कपाटाएवढ्या गड्याला. त्याने ते चिखलातून उपटलं आणि त्यावर थुंकून मांडीवर खसाखसा घासलं.

घासलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी मेलेलं. बाबा धावले, पण पोचेपर्यंत उशीर झाला होता. कोल्बी नाणं उन्हात धरून उभा होता.

"अरे, ही तर खरंच चालतेय," तो म्हणाला. "आजोबा, हिच्या झग्यात वारा शिरलाय."

कडेने धरा, बोटं लावू नका, ही आपली सगळी पाठ वाक्यं विसरून बाबांनी हातमोजे काढले. कोल्बीने नाणं शेजारच्याला दिलं, त्याने पंचाला, पंचाने मुख्याध्यापिकेला. नाणं हातोहात बाकांकडे निघालं. बाबांपायी गिऱ्हाईकं गमावणारा न्हावीसुद्धा चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघत होता. आपल्या नातवाला बक्षीस मिळावं तसे बाबा छाती काढून नाण्यामागोमाग चालत होते.

सगळ्यात शेवटी ते नेडीनबाईंच्या तळहातावर आलं. इतकी वर्षं त्यांनी ते फक्त प्लास्टिकमधून पाहिलं होतं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं आणि देवीच्या पुढे केलेल्या हातावरून अंगठा फिरवला.

"व्हर्लिन," त्या बाबांना म्हणाल्या, "खरं सांगू? मला पहिल्यापासून वाटतं, हिची बस चुकतेय आणि ही हात दाखवून ती थांबवतेय."

आजूबाजूचे चार बाक हसून हसून आडवे झाले. सोमवारपासून बाबांच्या दारात माणसं येऊ लागली, जरा ती बसवाली बाई दाखवा म्हणून.

बाबा दाखवतात. नाव मात्र दुरुस्त करत नाहीत. एकदा केलं होतं, तर पाहुणा उठून चालू लागला.