जेवाले चाला

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सुकदेवआबा भेटले की माणूस जेवणाचं आमंत्रण घेऊनच खाली उतरतो. तो ओळखीचा असला पाहिजे असं मुळीच नाही. कुरियरवाला, पाण्याचे जार टाकणारा, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला, चुकून भलत्याच मजल्यावर गेलेला, सगळ्यांना आबांचं एकच वाक्य: "जेवाले चाला."

समोरचा "हो हो, येतो ना कधीतरी" म्हणतो. आमच्या जळगावात हे असंच चालतं. बोलावणाऱ्यानं बोलवायचं, ऐकणाऱ्यानं हो म्हणायचं आणि दोघांनी आपापल्या घरी जाऊन जेवायचं. आबांना ही पद्धत मान्य नाही. तोच कुरियरवाला पुढच्या महिन्यात दिसला की त्याचा हात धरून न येण्याचा जाब विचारतात, "काय रे भो, येस सांगी गया, अन् उना नही?"

आबा मूळचे पारोळ्याकडचे. गावात त्यांचं घर रस्त्याला लागून होतं आणि एस.टी.चा थांबा बरोबर ओसरीसमोर. गाडीची वाट बघणारी माणसं आबांच्या ओसरीवर बसत, चहा पीत, आणि गाडी फारच उशिरा आली तर जेवूनही जात. काही जणांची गाडी यामुळेच चुके. बायको गेल्यावर मुलानं, महेशनं, त्यांना जळगावला आणलं. आमच्यासमोरचंच दार. महेश सरकारी कचेरीत, सूनबाई रेखा शाळेत शिक्षिका. दोघंही भली माणसं आहेत, हे आधीच सांगते, कारण अशा गोष्टीत मुलगा-सून उगीच बदनाम होतात.

खरं तर आबांचं आमंत्रण एकदा एकानं मनावर घेतलं होतं. विमा विकणारा एक गृहस्थ रविवारी दुपारी बायकोला घेऊन हजर झाला. रेखानं त्या दिवशी तिघांपुरती खिचडी टाकली होती. पाहुण्यांनी ती चवीनं खाल्ली, वर पापड मागितला. घरच्यांनी पाव खाल्ला. संध्याकाळी रेखा एवढंच म्हणाली, "आबा, मला आधी सांगत जा." आबांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी घराच्या दारात उभं राहून कधी कुणाला बोलावलं नाही. आमंत्रणं लिफ्टमध्ये सुरू झाली, आणि तीही लिफ्ट खाली जात असतानाच.

गेल्या डिसेंबरात आमच्या दोन्ही घरांनी मिळून कोकणात जायचं ठरवलं. आबांची साखर, रेखाचं मासे न खाणं, सगळ्याचा विचार करून महेशनं दापोलीच्या बाजूला समुद्राजवळ एक कौलारू घर भाड्यानं घेतलं. तिथं स्वयंपाकघर होतं, गॅस होता, भांडी होती. आपलं आपण करून खायचं. माझ्या नवऱ्याला हे पटलं नाही. "सुट्टीतसुद्धा आपणच रांधायचं?" असं तो म्हणाला. त्याला चहासुद्धा येत नाही, तरी "आपणच" म्हणाला.

निघायच्या सकाळी आबा खाली आले ते भरताच्या मोठाल्या हिरव्या वांग्यांचं पोतं आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन.

"आबा, कोकणात लाकडं मिळतात," महेश म्हणाला.

"नारळना झाप जाळीसन भरीत करशी? वांगं काय म्हनी?"

वांग्याचा मान राखून भारा गाडीच्या टपावर बांधला. वाटेत पेट्रोलपंपावरच्या माणसानं "होळीला अजून वेळ आहे ना?" असं विचारलं. आबांनी त्यालाही जेवायला बोलावलं.

घराच्या मालकीणबाई शुभाताई मागच्याच घरात राहायच्या. त्यांनी खोल्या दाखवल्या आणि शेवटी स्वयंपाकघर. "हे आता तुमचंच. काय हवं ते करा, फक्त भांडी घासून ठेवा."

आबा थांबले. "आमचंच?"

"हो."

"मंग आठे कोनाले बोलवायचं ऱ्हायनं तर?"

शुभाताई हसल्या. "तुमचं घर, तुमचे पाहुणे. मला काय करायचंय?"

आबांनी मान डोलावली. मग आम्ही त्यांना समुद्र दाखवायला नेलं. त्यांनी कपाळावर हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत समुद्र नीट पाहिला. "पानी भरपूर शे," ते म्हणाले. "पन कामनं नही." आणि परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे वाळूत पाय बुडवून आलो, तर आबा फाटकावर उभे होते. पांढरं धोतर, टोपी, अंगात स्वेटर. चेहरा फार प्रसन्न. आम्हाला त्याच क्षणी संशय यायला हवा होता.

"रेखा," ते म्हणाले, "दुपारी थोडी मानसं येतीन."

"कोण माणसं? इथं आपल्याला कोण ओळखतं?"

"मी सांगं, जेवाले चाला. ते म्हने, किती वाजता?"

हे आबांच्याही आयुष्यात नवीनच होतं. कोकणातली माणसं आमच्यासारखं "कधीतरी" म्हणत नाहीत. नाही तर नाही आणि हो तर वेळ विचारतात. नारळ उतरवायला आलेल्या गोविंदरावांनी तर जेवण शाकाहारी आहे की कसं, हेही विचारून घेतलं होतं.

"आबा, नक्की किती जणांना सांगितलंत?" रेखाचा आवाज चढला.

"मोजीसन कोनी बोलावतं का?"

रेखा आत गेली. भांड्यांचा आवाज मोठा झाला. मी तिच्यामागे गेले. "सुट्टी आहे माझी," ती म्हणाली. "चार दिवस शाळा नाही, डबे नाहीत. आणि हे..." बोलता बोलता तिनं परात ओढली आणि पुऱ्यांचं पीठ काढलं. मी कांद्याची पात चिरायला घेतली.

मागच्या अंगणात आबांनी पऱ्हाट्या पेटवल्या. धूर एवढा झाला की शुभाताई बादली घेऊन धावत आल्या. वाडीला आग लागली असं त्यांना वाटलं. आबांनी त्यांना बादलीसकट बसवलं आणि जाळात भाजत असलेलं वांगं दाखवलं.

"हे वांगं आहे?" शुभाताई म्हणाल्या. "मला दुधी वाटला."

"जेवाले थांबा," आबा म्हणाले.

"थांबते," त्या म्हणाल्या.

बरोबर एक वाजता माणसं आली. गोविंदराव आणि त्यांची बायको, शेजारच्या घरात उतरलेलं सांगलीचं निवृत्त जोडपं, एक रिक्षावाले, आणि एक बाई, ज्यांना कुणी बोलावलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. भरीत, पुऱ्या, मिरचीचा ठेचा, कांदा. ओसरीवर पंगत बसली. आबा स्वतः बसले नाहीत. ते वाकून वाकून वाढत होते आणि प्रत्येकाला त्याचं गाव, पाऊसपाणी, मुलंबाळं विचारत होते. गोविंदरावांना ठेचा लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा आबांनी त्यांना गूळ दिला आणि आणखी थोडा ठेचा दिला. सांगलीच्या काकांनी हात धुता धुता चौकशी केली, "फारच सुरेख झालंय. कुणी केलं?"

"आमनी सूनबाईनं," आबा म्हणाले. "तिना हात फार चांगला शे."

भरीत पूर्णपणे आबांनी केलं होतं. रेखा दारात पुऱ्यांची चाळण घेऊन उभी होती. तिनं ऐकलं आणि ती पुन्हा आत गेली.

पाहुणे गेले. आबा प्रत्येकाला फाटकापर्यंत सोडून आले. आम्ही बाकीच्या पुरुषांना आणि माझ्या मुलांना झोपायला पिटाळलं आणि रेखा, मी आणि आबा असे तिघंच मागे जेवायला बसलो. आबा सावकाश जेवत होते. एकदम म्हणाले, "रेखा, तुले तरास झाया."

"नाही हो."

"झाया. माले दिसस." त्यांनी पुरीचा तुकडा मोडला. "जळगावले ते तुनं घर शे. तठे मी दारमा कोनाले बोलावत नही. बाईमानूस दमीसन येस शाळेतून, कशाले? पन आठे ती बाई म्हने, घर तुमचं शे. मी म्हटलं, दोन दिस शे, तं बोलाई ल्यूत."

रेखाचा घास हातातच राहिला. मी पाण्याचा तांब्या उचलून उगीच आत गेले. बाहेर आले तेव्हा ती म्हणत होती, "आबा, जळगावचं घर पण तुमचंच आहे ना."

"शे, शे," आबा घाईनं म्हणाले आणि ताट उचलून घासायला निघाले.

रेखानं ते त्यांच्या हातून घेतलं.

उन्हं उतरली तेव्हा आबा पुन्हा टोपी घालून फाटकाकडे गेले. संध्याकाळी रस्त्यावर फारसं कुणी नसतं. समुद्रावर गेलेली माणसं दुसऱ्या वाटेनं परततात. आबा तिथं हात मागे बांधून उभे राहिले. खिडकीतून ते आम्हाला दिसत होते. रेखा भाताचे तांदूळ निवडत होती. तिनं एकदा बाहेर बघितलं, पुन्हा तांदळाकडे बघितलं. मग थाळी बाजूला ठेवून, पदराला हात पुसत ती बाहेर गेली आणि आबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मी ओसरीच्या पायरीवर आले.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग एक माणूस सायकलवरून आला, मागे माशांची रिकामी टोपली बांधलेली. आबा तोंड उघडणार इतक्यात रेखाच म्हणाली, "भाऊ, जेवायला या ना." शाळेत शेकडो मुलांना दरडावणारी बाई, पण आवाज इतका बारीक निघाला की त्या माणसाला ऐकायला सायकल थांबवावी लागली.

"आज नको ताई, घरी आई वाट बघत्ये," तो म्हणाला आणि हसून निघून गेला.

रेखाचा चेहरा पडला. खरोखरच पडला. आबांनी तिच्याकडे बघितलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"वाईट नको वाटू दिऊ," ते म्हणाले. "पहिल्यांदा असंच व्हस."