सासूबाईंच्या खोलीतला ड्रम

"बिअर करण्यात काय आहे? ज्याला चहा जमतो त्याला बिअर जमते," असं माझ्या नवऱ्याने एप्रिलमधल्या एका रविवारी जाहीर केलं.

त्याला चहा जमत नाही.

नवऱ्याचं नाव केदार. इथे अकोल्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात तो मेकॅनिकल शिकवतो. पोरांना पंप शिकवतो, व्हॉल्व्ह शिकवतो, पाइपातून पाणी कसं वाहतं याची समीकरणं फळाभर लिहितो. आमच्या जठारपेठेतल्या घरात बाथरूमचा नळ दिवाळीपासून गळतोय. त्याच्याखाली बादली ठेवायची, एवढंच इंजिनिअरिंग घरात झालं, आणि तेही मी केलं. मी शाळेत मराठी शिकवते.

हौशी माणसाला एक सल्लागार लागतोच. केदारचा सल्लागार स्वानंद. बडनेऱ्याला राहतो, रेल्वेत आहे. एकदा बंगलोरला कुणाच्या तरी लग्नाला गेला असताना त्याने बिअर तिथेच बनवणारं एक हॉटेल पाहिलं. आतून नाही, काचेतून. तेव्हापासून तो बिअरबद्दल असा बोलतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, जव यानेच शोधून काढला.

"वहिनी, तुम्ही टेन्शन घेऊन नका राहू," स्वानंद म्हणाला. "चारच वस्तू लागतात. जव, हॉप्स, यीस्ट आणि पाणी."

"हॉप्स म्हणजे काय?"

"फुलं असतात. कडू."

"कसली फुलं?"

स्वानंदने केदारकडे पाहिलं. केदारने मोबाइलकडे पाहिलं.

"आणि परवाना?" मी विचारलं.

"घरच्यापुरतं चालते, वहिनी."

"कोण म्हणतं?"

"बडनेऱ्यात सगळेच म्हणतात."

"बडनेऱ्याला हे माहिती आहे का, की आमच्या शेजारी कोण राहतं?"

शेजारी धम्मदीप राहतात. दारू पकडणाऱ्या खात्यात अधिकारी आहेत. तालुक्यातल्या नाल्यानाल्यांतून हातभट्ट्या फोडत दिवसभर फिरतात. संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांच्या बुटांना सडक्या गुळाचा वास येतो, म्हणून त्यांची बायको माधवी बूट फाटकाबाहेर काढायला लावते. त्यांचं आणि आमचं अंगण यांच्यात एक भिंत आहे, कमरेइतकी. त्या भिंतीवरून आमच्याकडे कोथिंबीर येते आणि त्यांच्याकडे कढीपत्ता जातो.

"दिव्याखाली अंधार असतो," केदार म्हणाला. यावर दोघेही खूश झाले.

सामान कुरिअरने आलं. एक मोठा पांढरा प्लास्टिकचा ड्रम, त्याला लावायची तोटी, तांब्याच्या नळीची एक भलीमोठी गुंडाळी, हातभर लांब थर्मामीटर आणि काचेची एक वाकडी नळी. तिच्यात पाणी भरायचं आणि ती ड्रमच्या झाकणात बसवायची, म्हणजे आतला वायू बुडबुड करत बाहेर पडतो पण बाहेरची हवा आत शिरत नाही. हे मला केदारने सांगितलं. सांगताना त्याने ती नळी उलटी धरली होती.

तोटी बसवायला दोन सुशिक्षित पुरुषांना एक अख्खी दुपार लागली. आधी ती आतून बाहेर बसवली. मग बाहेरून आत बसवली, तर गळायला लागली. गळणारा नळ या घराला नवा नव्हता, म्हणून मी काही बोलले नाही. शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मध्ये घातला तेव्हा गळती थांबली. लगेच दोघांनी त्या तोटीचा फोटो काढला. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला केदारने असा फोटो काढल्याचं मला आठवत नाही.

प्रत्यक्ष बिअर करायचा दिवस उजाडला. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मसालेभाताला वापरतात तेवढा गंज गॅसवर चढला. भरडलेला जव गरम पाण्यात भिजला, गाळला, मग त्याचं गोड पाणी फुलं घालून उकळलं. सगळ्या घराला ओल्या गोणपाटाचा वास सुटला. बाहेर चव्वेचाळीस तापमान, स्वयंपाकघरात त्याहून जास्त. माझा स्वयंपाक बंद, म्हणून पोहे बाहेरून आणले. ते स्वानंदने संपवले.

"आता हे झटक्यात थंड करायचं," केदार म्हणाला. "त्यासाठी ही तांब्याची गुंडाळी. हिच्यातून नळाचं पाणी सोडायचं. पाणी उष्णता घेऊन बाहेर जातं. मी हे दरवर्षी पोरांना शिकवतो."

त्याने गुंडाळी गंजात सोडली, एक टोक नळाला जोडलं, दुसरं मोरीत सोडलं. पाणी वाहायला लागलं. मी शाळेचे पेपर तपासायला बसले.

उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला पाणी येणं हा सण असतो. आलं की बादल्या, पातेली, तांबे, वाट्या सगळं भरून ठेवायचं आणि गच्चीवरची टाकी जिवापाड जपायची. ही टाकी दिवसभर उन्हात असते. तिच्यातलं पाणी दुपारी इतकं तापतं, की आंघोळीला विसण घ्यावं लागतं. उष्णतेच्या देवाणघेवाणीच्या प्राध्यापकाने हे कढत पाणी कढत गंजातून फिरवलं. गंजाने काही दिलं नाही, पाण्याने काही घेतलं नाही. टाकी मात्र मोरीतून निघून गेली.

"आता किती आहे?" केदारने विचारलं.

स्वानंदने थर्मामीटर वर काढला. "मघापेक्षा एकने कमी झालं रे."

मग नळातून 'फुस्स' असा आवाज आला आणि घर कोरडं झालं. त्या रात्रीची भांडी मी दिवाळीपासूनच्या गळतीच्या बादलीवर घासली. गंज थंड करायला शेवटी चौकातल्या रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणली. स्वानंद ती स्कूटरवर मांडीत घेऊन आला, आणि नंतर बराच वेळ उभाच राहिला.

यीस्ट टाकून झाकण लावल्यावर नवीनच प्रश्न निघाला. ड्रम गार जागेत हवा. एसी एकाच खोलीत, आणि ती खोली सासूबाईंची.

सासूबाई म्हणजे पार्बताबाई. माहेर परतवाड्याकडचं, बोलणं खणखणीत. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून एसीच्या खोलीत असतात. गुडघ्यांचा आणि एसीचा संबंध काय, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची हिंमत नाही.

"काय होय रे हे?" ड्रम खोलीत आला तशी त्यांनी विचारलं.

केदारने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"जवाचं सत्व आहे, आई," तो म्हणाला. "तुझ्या गुडघ्यांसाठी."

या माणसाला वर्गात एका पोराच्या प्रश्नाला धड उत्तर देता येत नाही. खोटं मात्र असं सरळ, न अडखळता.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "माह्या गुडघ्यासाठी पोरगं किती राबून राहिलं, पाह्य वं मैथिली," त्या मला म्हणाल्या. मी चार वर्षं रोज त्या गुडघ्यांना तेल चोळतेय. त्याची बातमी कधी अंगणापर्यंत गेली नव्हती. ही बातमी संध्याकाळपर्यंत भिंतीपलीकडे गेली.

"पण अजून मुरायचं आहे, आई. इतक्यात हात लावू नको," केदारने बजावलं.

ड्रम बुडबुडायला लागला. केदार कॉलेजातून आला की बूट न काढता आईच्या खोलीत जायचा. त्या समजायच्या, आपल्याला भेटायला येतो. तो काचेच्या नळीसमोर उकिडवा बसून बुडबुडे बघायचा आणि स्वानंदला फोनवर सांगायचा, "आज जोर आहे." सासूबाईही फोनवर आमच्या नणंदेला, नीलमला, सांगायच्या, "केदार रोज माह्याजवळ येऊन बसते. काही बोलत नाही, पण बसते."

अशात मे उजाडला. एक दिवस मी दुपारी सकाळच्या शाळेतून आले तर सासूबाई फाटकातून आत येत होत्या. हातात रिकामा तांब्या. चालण्यात जरा जास्तच डौल.

"कुठे गेला होता, आई?"

"जाईबाईकडे. तिचेबी गुडघे दुखते ना. तिले तांब्याभर सत्व देऊन आली."

जाईबाई म्हणजे धम्मदीप यांच्या आई.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "तुम्ही त्या ड्रममधलं काढलं? तुम्हाला तोटी उघडता आली?"

"त्याले काय लागते? मी तर आठ दिवसापासून रोज सकाळी पेलाभर घेऊन राहिली. कडू आहे, पण कडू म्हणूनच गुणाचं. दुपारी झोप अशी लागते, की काय सांगू तुले."

मी केदारला फोन केला. तास संपल्यावर तो आला, येताना अकोला स्टेशनवर ड्यूटीला आलेल्या स्वानंदला घेऊन आला. बुडणाऱ्याने दगडाचा आधार घ्यावा, तसं.

"ड्रम उचलून गच्चीवर नेऊ," केदार म्हणाला.

"आणि झाकू गोधडीनं," स्वानंद म्हणाला.

"उन्हात? अरे, बिअर खराब होईल!" केदारला आठवलं.

"तुझी नोकरी जाईल, केदार," मी म्हटलं. "तुझं नाव पेपरात येईल. आईंचंही येईल. आणि तुला ती खराब व्हायची काळजी?"

दोघांनी मिळून ड्रम दारापर्यंत ओढला. तेवढ्यात फाटक वाजलं.

धम्मदीप आत आले. हातात स्टीलचा पेला, झाकण लावलेला. बुटांना आज वास नव्हता, म्हणजे नाल्यावर न जाता ऑफिसातच होते. त्यांनी सासूबाईंना हात जोडून नमस्कार केला, मग ड्रमकडे पाहिलं. तोटीकडे पाहिलं. सायकलच्या ट्यूबकडे पाहिलं. काचेच्या नळीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"सर, माझी आई दुपारी जेवून झोपली, ती अजून उठली नाही," ते केदारला म्हणाले. "कधी नव्हे ती घोरून राहिली. माधवीनं मला फोन करून बोलावून घेतलं."

"पहा," सासूबाई आनंदाने म्हणाल्या. "गुण आला."

"हे काय आहे, सर?"

"जवाचं सत्व," केदार म्हणाला. या वेळी मात्र तो अडखळला.

धम्मदीपनी पेल्याचं झाकण काढलं, वास घेतला. मग एक घोट घेतला आणि तो तोंडात फिरवला. मी देवघराकडे पाहिलं. त्यांनी आणखी एक घोट घेतला. मग पेला टेबलावर ठेवला.

"मला क्षणभर वेगळंच वाटलं होतं," ते सावकाश म्हणाले. "वाटलं, बिअर आहे की काय. असती तर मला आत्ता इथे पंच बोलवावे लागले असते. पण ही बिअर नाही."

माझ्या जिवात जीव आला. सुटलो होतो. कुणीही शहाणा माणूस इथे हात जोडून गप्प बसला असता.

"नाही म्हणजे?" केदार म्हणाला.

स्वानंदने त्याचा शर्ट मागून ओढला.

"नाही म्हणजे नाही, सर."

"तुम्ही नीट चव घेतली का?"

"केदार," मी म्हटलं.

"नाही, थांब. मला विचारू दे त्यांना. हॉप्स दोनदा घातलेत. यीस्ट बाहेरून मागवलंय. तापमान मी रोज मोजलंय. काय कमी आहे तिच्यात?"

या माणसाला तुरुंग चालत होता, नापास होणं चालत नव्हतं.

भट्टीवाले पकडल्यावर पळतात, रडतात, पाया पडतात, हे धम्मदीपनी पाहिलं असणार. 'माझीच आहे' म्हणून भांडणारा त्यांना पहिल्यांदाच भेटत असावा.

"सर," ते म्हणाले, "मी रोज हेच काम करतो. मी सांगून राहिलो ना, ही बिअर नाही. हा नासलेला जव आहे. तब्येतीला वाईट. आत्ताच्या आत्ता मोरीत ओता आणि पुन्हा असा जव नासवू नका. नासवला, तर पुढच्या वेळी मी एकटा येणार नाही. समजलं का तुम्हाला, काय म्हणतो मी?"

यातली ताकीद मला समजली, स्वानंदला समजली. सासूबाईंनासुद्धा काहीतरी समजलं, कारण त्या आत निघून गेल्या. केदारला ऐकू गेला फक्त 'नासलेला जव'. त्याचं तोंड दहावीत नापास झालेल्या पोरासारखं झालं.

धम्मदीप गेले. केदार गच्चीवर जाऊन बसला. स्वानंदला बडनेऱ्याची गाडी आठवली. ओतायचं काम अर्थातच माझ्या वाट्याला आलं. ड्रम मोरीपर्यंत मी एकटीने ओढत नेला, तोटी उघडली आणि मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार करत बसले. एवढं पाणी घालवलं, एवढा एसी जाळला, आईशी खोटं बोलला, आणि शेवटी केलं काय, तर नासका जव. बिअरसुद्धा धड जमली नाही याला.

ती मोरीत पडताना फेस येत होता. पांढरा, दाट. रंग मधासारखा. मी सहज बोट लावून चाटलं. मग तांब्या धरला.

लग्नानंतर गोव्याला मी बिअर प्यायले होते, म्हणून सांगते. थंड, किंचित कडू, जिभेवर हलकी चुणचुण. धम्मदीप शेजारी म्हणून किती मोठा माणूस आहे, ते मला त्या मोरीत बसून कळलं.

केदारला मी अजून काही सांगितलेलं नाही. तो सध्या खचलेला आहे, आणि घरात टाकीभर पाणी आहे. फक्त एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. ओतायला सुरुवात करण्याआधीच मी तोटीखाली बादली का धरली नाही.