मोरपंखीचा भांग

बाहेर आलेली ती एक फांदी कापावी, एवढंच भाऊंनी ठरवलं होतं. एकच. करंगळीएवढी.

भाऊंचं सलून आहे. बत्तीस वर्षं ते लोकांची डोकी हाताळत आले आहेत आणि आजवर त्यांनी एकही कान कापलेला नाही (अर्धवट कापलेला एक आहे, पण ते गिऱ्हाईक शिंकलं होतं). टक्कल पडू लागलेला माणूस त्यांच्या खुर्चीतून उठतो तो पाच वर्षांनी लहान होऊनच. डावीकडचे केस वाढवायचे, पाणी मारायचं, उजवीकडे आणून बसवायचे. ही विद्या भाऊ आधी स्वतःच्याच डोक्यावर शिकले. रोज सकाळी आतून कडी लावून ते पंधरा मिनिटं भांग पाडतात. घरात कुणाला याचा पत्ता नाही, असं ते समजून आहेत.

वहिनी आठ दिवसांसाठी लेकीकडे निघाल्या, तेव्हा दारातल्या मोरपंखीच्या कुंडीपाशी थांबल्या. त्यांच्या आईच्या अंगणातल्या झाडाची काडी आणून त्यांनी हे झुडूप वाढवलं होतं. पुढे आई गेल्या, अंगण विकलं गेलं, आणि त्या घरातलं जिवंत असं एवढंच उरलं. नऊ वर्षांत ते कमरेएवढं झालं होतं. बारा महिने हिरवंगार आणि अंड्यासारखं गुळगुळीत.

"मातीत बोट घालून बघायचं. कोरडी लागली तरच पाणी," वहिनी म्हणाल्या. "आणि कात्री लावायची नाही."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर कात्री लपवून गेले असते."

तिसऱ्या दिवशी भाऊंना ती फांदी दिसली. कानावर आलेल्या बटेसारखी. हात आपसूक खिशाकडे गेला. कच्. मग डावी बाजू जड वाटू लागली. ती हलकी केली, तर उजवी फुगलेली दिसली. भाऊ दोन पावलं मागे जात, मान तिरकी करत, पुन्हा पुढे येत. (सवयीने त्यांनी कुंडीला टॉवेलही गुंडाळला होता.) शेवटी उजव्या बाजूला कात्री जरा आत गेली आणि हात जागीच थांबला. आत हिरवं काही नव्हतंच. नुसत्या तपकिरी काड्या. ताटाएवढं टक्कल.

तरी भाऊ घाबरले नाहीत. महिन्याभरात गिऱ्हाईक पुन्हा झिपऱ्या घेऊन येतंच, हा त्यांचा अनुभव. केवळ खात्री करावी म्हणून त्यांनी नर्सरीवाल्याला फोन लावला.

"मोरपंखी ना? आतल्या जुन्या काडीला सहसा पालवी फुटत नाही. आजूबाजूच्या फांद्या वाढून झाकतील. दोन-तीन वर्षं धरा."

"बायको रविवारी येतेय."

"मग अवघड आहे."

"तेल लावलं तर?"

"कुणाला?"

"झाडाला."

"काका, पाणी घाला आणि काकूंना खरं काय ते सांगून टाका."

खरं सांगायला भाऊ तयार नव्हते. वहिनी चिडल्या असत्या तर चाललं असतं, त्याची सवय होती. पण त्या रडल्या तर? आई गेल्या त्यानंतर भाऊंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायचं नव्हतं. म्हणून शनिवारी त्यांनी सलून लवकर बंद केलं आणि हातखंडा काम सुरू केलं. डावीकडचा लांब पाला पाण्यानं भिजवला, बारीक कंगव्यानं विंचरला, वळवून उजवीकडे आणला, अठरा काळ्या पिनांनी बसवला आणि वरून स्प्रे मारला. टक्कल गायब. भाऊंनी झुडपाच्या मागे आरसासुद्धा धरून दाखवला. कुणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

रविवारी वहिनी आल्या, बॅग खाली ठेवली आणि चपलाही न काढता मोरपंखीसमोर उभ्या राहिल्या.

"कसं जपलंय?" भाऊ म्हणाले.

वहिनींनी हात पुढे केला आणि नेमका तिथलाच पाला उचलला. पिना टपाटप खाली पडल्या. त्या भगदाडाकडे बघत राहिल्या, आणि भाऊ वाकून पडलेल्या पिना गोळा करू लागले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "एकच फांदी कापणार होतो, खरंच. पण तुला कळलं कसं? वाऱ्यानंसुद्धा हलत नव्हतं."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण खांदे हसण्यानं हलू लागले होते. "अहो, डावीकडून उजवीकडे आणून चापून बसवलेलं वीस वर्षं रोज समोर बघतेय मी. पिना तेवढ्या नवीन."

भाऊंचा हात डोक्याकडे गेला. "म्हणजे, तुला माहीत आहे?"

"सगळ्या गल्लीला माहीत आहे."

वहिनींनी उरलेल्या पिना काढल्या आणि पाला सैल केला. मग दोघांनी मिळून कुंडी फिरवली आणि टक्कल उन्हाकडे केलं. भाऊ तिथेच उन्हात उभे राहिले.

"हे भरून येईल दोन-तीन वर्षांत," झारी कलती करत वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सावलीत या. तुम्हाला उन्हाचा उपयोग नाही."